पाटाच्या क्रमानं येणारं गाव

फरखुंदे खानम. नाव आधी लिहून ठेवते. पुढं मी घाबरून मध्येच थांबले, तरी ज्यांच्यासाठी लिहायला बसले त्यांचं नाव तरी कागदावर आलेलं असेल. या देशात मला रडायला जागा नव्हती, ती त्यांनी दिली. कशी दिली ते सांगते, पण त्याआधी बाई कशा आहेत ते सांगायला पाहिजे. नाहीतर ‘शेजारच्या इराणी बाईंनी धीर दिला’ एवढंच होईल, आणि ते एवढंच नव्हतं.

आमचे हे मिरजेला ब्रदर होते. आपल्याकडं पुरुष नर्सला ब्रदर म्हणतात, त्यामुळं लग्नात माझ्या मैत्रिणी मला ‘ब्रदरची बायको’ म्हणून हसल्या होत्या. ह्यांना लीड्सच्या मोठ्या हॉस्पिटलात नोकरी लागली आणि मी त्यांच्या मागोमाग आले. माझी शाळा आठवीत सुटलेली. इंग्रजी म्हणजे फळ्यावरचं. सुरुवातीला दाराची बेल वाजली की मी जिन्याखाली जाऊन बसायचे. कुणी काही विचारलं आणि मी भलत्याच गोष्टीला ‘येस’ म्हटलं तर?

आमच्या गल्लीतली घरं लाल विटांची, पाठीला पाठ लावून बांधलेली. मागचं दार नाही, परसू नाही. त्यामुळं बायका कपडे वाळत घालायला रस्त्यावरच दोऱ्या बांधतात, या घरापासून समोरच्या घरापर्यंत. मीही बांधली. पण कचऱ्याची गाडी यायच्या दिवशी दोरी उतरवून ठेवायची असते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. गाडी आली, हॉर्न वाजायला लागला, आणि रस्त्याच्या मधोमध ह्यांचे ड्यूटीचे निळे ट्युनिक आणि माझे परकर. मी पडद्याआडून बघतेय. बाहेर जायची छाती होईना.

तेवढ्यात समोरच्या दारातून एक ठेंगण्या बाई बाहेर आल्या. डोक्याला फुलाफुलांचा रुमाल, पायात पुरुषी चपला. त्यांनी केरसुणीचा लांब दांडा माझ्या दोरीखाली घातला, दोरी वर उचलून धरली, आणि ती एवढी मोठी गाडी माझ्या परकरांखालून मिरवणुकीतल्या हत्तीसारखी जाऊ दिली. वर गाडीवरच्या माणसांना ओरडून म्हणाल्या, “डोन्ट बी टायर्ड!”

त्यातला एकजण म्हणाला, “टू लेट, लव्ह!” म्हणजे उशीर झाला बाई, दमलो की आम्ही.

पुढं मला कळलं की त्यांच्या फारसीत कुणी काम करताना दिसलं की ‘खस्ते नबाशीद’ म्हणतात. दमू नका. खानम, म्हणजे आपल्याकडच्या ‘बाई’, तेच इंग्रजीत करून सगळ्यांना वाटत फिरायच्या. बसच्या ड्रायव्हरला, पोस्टमनला, दाढ काढणाऱ्या डॉक्टरला, तेसुद्धा तोंडात कापूस असताना. मी एकदा म्हटलं, “खानम, लोक हसतात.”

“हसू देत,” त्या म्हणाल्या. “हसला म्हणजे तेवढा थकवा गेला.”

आम्ही बोलायचो कसं, असं इथल्या मराठी मंडळातल्या बायका मला विचारतात. थोडं इंग्रजी, थोडे हातवारे, आणि बाकीचे शब्द दोघींचे सारखेच निघायचे. दरवाजा, चादर, पनीर, बाजार, हवा. एखादा शब्द जुळला की खानम टाळी द्यायच्या, जसं काही माहेरचं माणूस भेटलं. त्यांचं बोलणं मी इथं सरळ मराठीतच लिहिते. मला ते तसंच ऐकू यायचं.

त्या दोरीच्या दिवशी संध्याकाळी त्या एका निळ्या काठाच्या ताटलीत खजूर आणि पनीर-पुदिना घेऊन आल्या. आता आपल्याकडं शेजारणीचं भांडं रिकामं परत करत नाहीत. मी थालीपीठ घालून दिलं. त्यांच्याकडंही भांडं रिकामं परत करत नाहीत. त्यात भात आला, खालची करपून कुरकुरीत झालेली खरवड वर मानानं मांडून. मी शिरा पाठवला. मग त्यांच्या पोरानं आणलेली डाळिंबं आली. थंडी येऊन गेली तरी ती निळ्या काठाची ताटली थांबेना. शेवटी हे वैतागून म्हणाले, “अगं, त्या बाईंना आपण एक नवी ताटली घेऊन देऊ आणि हा खेळ मिटवू.”

मी म्हटलं, “मग ती नवी ताटली त्या रिकामी ठेवतील होय?”

खानमचं गाव तूतक. त्यांच्याकडं तुतीच्या झाडाला तूत म्हणतात. वाळवंटाच्या कडेला, डोंगराच्या पायथ्याशी, मातीच्या घरांचं गाव. नकाशात सापडलं तर सापडलं. डोंगराच्या पोटातून खणत आणलेल्या पाटाचं पाणी एका बाजूनं गावात शिरायचं आणि एकेका अंगणातून जात शेवटच्या घरापाशी संपायचं. त्यामुळं तूतकमध्ये डावीकडचं-उजवीकडचं घर असं कुणी सांगत नाही. पाण्याच्या वरचं आणि पाण्याच्या खालचं, असं सांगतात. लग्नाचं बोलावणं त्याच क्रमानं, मयताचा निरोप त्याच क्रमानं. खानमचं आणि त्यांच्या बहिणीचं, सकीनेचं, माहेरचं घर सगळ्यात शेवटचं. “पाणी आमच्यापर्यंत येईस्तोवर सगळ्या गावाचे हात धुऊन झालेले असायचे,” असं त्या सांगायच्या, आणि सांगताना नाक उडवायच्या. पण त्यात अभिमान होता.

त्यांना तिथं जाता येत नव्हतं. मुलगा बहराम काहीतरी बोलला-लिहिला म्हणून त्याच्यावर पकडलं जायची पाळी आली, तो निसटला, आणि मागून आईलाही निघावं लागलं. इथल्या सरकारनं त्यांना जे प्रवासाचं पुस्तक दिलंय, त्यावर त्या जगात कुठंही जाऊ शकतात. त्यांचा स्वतःचा देश सोडून.

म्हणून शुक्रवारचा फोन. सकीने अजून त्याच शेवटच्या घरात राहायची, पण तिथं रेंज यायची नाही. शुक्रवारी ती गावच्या जुन्या हमामाच्या, म्हणजे सार्वजनिक न्हाणीघराच्या, घुमटी छतावर चढायची आणि तिथून फोन लावायची. इकडं खानम हातात पेला धरून खुर्चीत बसायच्या, साखरेचा खडा दातात धरून त्यातून चहा ओढायच्या, आणि गाव विचारायच्या. पाण्याच्या क्रमानं. गौहरच्या घरी काय? मशदी रझाचा गुडघा? ते दोघे भाऊ बोलायला लागले का? मी कधी तिथं असले की मला भाषा कळायची नाही, पण नावं कळायची. एखाद्या नावाला उत्तर यायचं नाही, खानम नुसतं ‘खाली’ म्हणायच्या. रिकामं. पाट आटत चालला होता. घरामागून घर कुलूप लावून शहरात जात होतं. खानम निघाल्या तेव्हा चाळीसेक घरांतून धूर निघायचा. मी त्यांना भेटले तेव्हा हाताच्या बोटांवर आला होता.

फोन ठेवताना सकीने मोठ्यांदा एक वाक्य म्हणायची. ‘जायत खाली.’ मी अर्थ विचारला. खानम म्हणाल्या, “चांगलं काही जेवलो, चार माणसं जमली आणि आपलं माणूस तिथं नसलं, की त्याला असं म्हणतात. तुझी जागा रिकामी होती.”

आता माझं सांगते.

त्या थंडीत आमची आई गेली. आम्ही व्हिसा वाढवायला दिलेला. उत्तर यायच्या आधी देश सोडला तर अर्जच बाद. ह्यांनी वकिलाला फोन केला, हॉस्पिटलात विचारलं, सगळीकडून तेच. हे म्हणाले, “रेखा, तू म्हणत असशील तर जाऊ. मग जे होईल ते होईल.” मी कशी म्हणणार? ह्यांच्या नोकरीवर तिकडची सहा माणसं जेवतात. चुलतभावानं फोन हातात धरून दाखवलं. अंगण दिसलं, बायका दिसल्या, आईचे पाय दिसले. मग फोन गोठला आणि आईचे पाय तसेच राहिले. हे ड्यूटीवर गेले. मी भांडी घासली, फरशी पुसली. मला रडूच येईना. एकटीनं रडायची सवयच नाही हो आपल्याला. कुणीतरी गळ्यात पडल्याशिवाय सुरू कसं करायचं?

दार वाजलं. खानम काळ्या कपड्यांत. एका हातात खजूर, दुसऱ्या हातात ट्रे, त्यावर त्यांचे कमरेत बारीक असलेले काचेचे पेले, होते नव्हते तेवढे सगळे. आत आल्या, सोफा ढकलून भिंतीला लावला, घरातल्या उशा आणि चादरी जमिनीवर भिंतीकडेनं मांडल्या. मी म्हटलं, “खानम, कोण येणार आहे?”

“गाव,” त्या म्हणाल्या.

प्रत्येक उशीपुढं एकेक पेला ठेवून चहा ओतला. मग मला जवळ बसवून पाण्याच्या क्रमानं सुरुवात केली.

“ही गौहर. ही पहिली येणार. तुझ्या आईबद्दल चांगलं बोलेल आणि मग तिच्या कोंबड्यांचं सुरू करेल, तू कंटाळू नको. हा मशदी रझा. दाराशीच बसतो, गुडघा वाकत नाही. काही बोलणार नाही. चहा मात्र सारखा भरावा लागेल. हे अब्बास आणि गुलाम, सख्खे भाऊ, झाडावरून भांडण आहे. एक इथं बसेल, एक तिथं. एक उठल्याशिवाय दुसरा उठणार नाही, म्हणजे तुझ्याकडं दोघं संध्याकाळपर्यंत आहेत. हा करबलाई सफर, धनगर, ठार बहिरा. हा दुःखाचे शब्द अशा आवाजात बोलतो की मेंढरं वळावीत.”

मला हसू आलं. आणि हसता हसता जे सुरू झालं ते थांबेना. खानमनी मला धरलं नाही, पाठीवरून हात फिरवला नाही. माझ्या शेजारी बसून त्याच आवाजात पुढची घरं सांगत राहिल्या. मी रडत होते आणि गाव येत होतं. शेवटी म्हणाल्या, “आणि ही सकीने. आमचं घर शेवटचं, म्हणून ती शेवटी येते. बसत नाही. बाह्या वर करून पेले धुवायला लागते.”

आणि उठून स्वतः पेले धुतले.

मार्चमध्ये त्यांचा नवरोज आला, त्यांचं नवं वर्ष. तूतकची रीत अशी की त्या दिवशी गाव आधी दुःख झालेल्या घरी जातं. तिथं बसून आल्याशिवाय आपल्या घरी कुणी गोडाला हात लावत नाही. आपल्याकडं पहिल्या सणाला भावकी येऊन तोंड गोड करून जाते, तसंच. खानम सकाळीच माझ्या दारात. बहराम मागं उभा, पोटात कावळे. “आई, आधी आपल्या घरी एक तरी मिठाई...” म्हणत होता. त्याला त्यांनी डोळ्यानं गप्प केलं. त्यानंतर पाडवा आला, तेव्हाही त्या आल्या. म्हणाल्या, “हे तुझं नवं वर्ष. मग हेही पहिलं.”

पुढच्या थंडीत सकीनेचा फोन थांबला.

पहिल्या शुक्रवारी खानम म्हणाल्या, छतावर बर्फ असेल. दुसऱ्या शुक्रवारी म्हणाल्या, बर्फ अजून वितळला नसेल. गावात तेव्हा सकीने आणि बहिरा सफर, दोघंच उरलेले. शहरातल्या भाच्याला फोन लावला की तो म्हणायचा, “येत्या सुट्टीत जाऊन येतो, आत्या.” मग तो फोन उचलेना. खानम काय करणार? मी काय करणार? हे म्हणाले, दूतावास, अमुक तमुक, पण ज्या सरकारापासून लपून आलात त्यालाच कसं विचारायचं? खानम साखरेचा खडा दातात धरायच्या आणि चहा प्यायचं विसरायच्या. खडा तसाच विरघळून जायचा.

मला बसस्टॉप शोधायला ह्यांनी फोनवर नकाशा घालून दिलेला. त्यात वरून घरंही दिसायची. एके दुपारी माझ्या मनात आलं आणि आम्ही दोघी तूतक शोधायला बसलो. डोंगरावरून खानमनी बोट खाली आणलं, पाट उतरतो तसं. “ही गौहर. हा हमाम. मोठं कर. आणखी मोठं कर.” शेवटच्या घराच्या छतावर एक लाल ठिपका होता.

खानम ओरडल्या. “गालीचा! सकीनेनं गालीचा धुऊन टाकलाय!”

नवरोजच्या आधी त्यांच्याकडं सगळं घर झाडून, गालीचे धुऊन उन्हात टाकतात. दिवस त्याच कामाचे होते. सकीने आहे, हिंडतेफिरते आहे, घर झाडते आहे. खानमनी त्या दिवशी गल्लीत दिसेल त्याच्या हातात खजूर ठेवला. पोस्टमनलासुद्धा. आणि मीही तितकीच खूश. ते चित्र त्याच घडीचं आहे, असंच मला वाटत होतं. आकाशातून कुणीतरी बघतंय आणि आपल्याला दाखवतंय. आठवीपर्यंत हे कुठं शिकवतात?

मग रोज चहा झाला की त्या म्हणायच्या, “रेखा जान, गालीचा दाखव.” मी दाखवायची. लाल ठिपका असायचा. त्या बोटानं त्याला हात लावायच्या.

एक दिवस बघता बघता त्यांचं बोट थांबलं.

“सकीने गालीचा दुपारनंतर उन्हात ठेवत नाही,” त्या म्हणाल्या. “रंग उडतो. लहानपणी आईनं आम्हाला त्यासाठी मारलंय. आणि हा इतके दिवस तिथंच आहे.” माझ्याकडं बघितलं. “एकतर हे चित्र खोटं आहे. नाहीतर गालीचा उचलायला कुणी नाही.”

हे ड्यूटीवरून आले तशी मी जिन्यातच गाठून विचारलं. हे म्हणाले, “अगं, ते फोटो जुने असतात. वर्ष-वर्षाचे.” मी जाऊन खानमना सांगितलं. त्यांनी डोळे मिटले, आणि हसल्या. “खोटं आहे. बरं झालं. खोटं आहे.”

चित्र खोटं, तर गालीच्याबद्दल काहीच ठरत नाही. तेवढ्यावर त्यांनी आणखी काही दिवस काढले. मग भाच्याचा फोन आला. सकीने थंडीतच गेली होती. सफरनं शेजारच्या गावातून माणसं आणून तिला पुरलं. ‘आत्या परदेशात एकट्या, उगीच कशाला सांगायचं’ म्हणून सगळ्यांनी लपवलं होतं. त्यांच्यातली ही पद्धतच.

मी गेले तेव्हा त्या रडत नव्हत्या. म्हणाल्या, “सगळ्या घरी मी जाऊन बसले गं, आयुष्यभर. आता आमच्या घरी कोण बसलं असेल?”

त्यात बहरामला दूर दक्षिणेत ब्रॅकनेलला नोकरी लागलेली, इथलं घर सोडायचं ठरलेलं. नवरोजच्या आधीच. सकीने गेल्यानंतरच्या पहिल्या नवरोजला खानम अशा ठिकाणी असणार होत्या, जिथं त्यांचं नावसुद्धा कुणाला माहीत नाही.

म्हणून निघायच्या आदल्या दिवशी मी गेले. त्या निळ्या काठाच्या ताटलीत शिरा घेऊन. घरभर खोकी. काचेचे पेले कागदात गुंडाळलेले. मी आमच्याकडचे चहाचे मग आणले होते. ते भिंतीकडेनं मांडले, चहा ओतला. खानम खोक्यावर बसून बघत होत्या. मी मनाशी म्हटलं, आता नाही तर कधी.

“मशदी रझा आले. दाराशी बसले—”

“गौहर आधी,” खानम म्हणाल्या. “तिचं घर पाण्याच्या वर.”

“गौहर आल्या. सकीनेबद्दल चांगलं बोलतायत.”

“गौहर सकीनेबद्दल चांगलं बोलणार नाही. कोंबडीवरून वाद होता.” पण त्या सरसावून बसल्या.

“बरं, मग नुसत्या बसल्यात. अब्बास इथं. गुलाम तिथं. सफर...” मी सफरसारखं मोठ्यांदा बोलून बघितलं, जमलं नाही. मधली कितीतरी घरं माझ्याकडून सुटत होती. त्या हळूच एकेक नाव सांगायच्या आणि मी त्याला बसवायची. त्यातली बहुतेक माणसं शहरात होती किंवा मातीत. पण आली. खोक्यांच्या मधून वाट काढून आली.

शेवटच्या घराशी मी अडले.

“म्हण,” खानम म्हणाल्या.

मी शेवटचा मग नीट सरकवून ठेवला.

“शेवटी सकीने येते,” त्या स्वतःच म्हणाल्या. “पेले धुवायला.” आणि मग त्यांना जे आलं ते मी लिहीत नाही. मी त्यांना धरलं नाही. त्यांनी मला शिकवलं होतं तसं शेजारी बसून राहिले. नंतर बाह्या वर केल्या आणि चहाचे मग धुऊन ठेवले.

दुसऱ्या दिवशी व्हॅन आली. सामान चढवणाऱ्या माणसांना त्या म्हणाल्या, “डोन्ट बी टायर्ड,” पण आवाज रस्त्याच्या या बाजूलासुद्धा नीट आला नाही. त्यांच्यात प्रवासाला निघालेल्या माणसामागं पाणी ओततात, परत यावं म्हणून. मी तांब्या घेऊन उभी होते. बहरामच्या गाडीची मागची काच खाली झाली. फुलाफुलांचा रुमाल, आणि हातात, भरून माझ्याकडं पाठवायची राहिलेली ती निळ्या काठाची ताटली. त्यांनी ती वर करून दाखवली आणि मान हलवली. म्हणजे, रिकामी कशी देऊ? मी पाणी ओतलं. गल्ली उताराची. पाणी गाडीमागं थोडं गेलं, मग गटाराकडं वळलं.

आता शुक्रवारी मी ब्रॅकनेलला फोन लावते. त्या बोलतात, पण गाव विचारायला कुणी उरलं नाही, मग हवेचं बोलतो.

खानम, माझ्याकडं भारताचा पासपोर्ट आहे. तुम्हाला जिथं सोडत नाहीत तिथं मला सोडतील. भीती वाटते, विमानतळावर कुणी काही विचारेल आणि मी चुकीचं बोलेन. तरी एका नवरोजला मी तूतकला येईन. पाटानं उतरत शेवटच्या घरापर्यंत जाईन, सकीनेच्या दाराशी बसेन, आणि नंतर पेले धुऊन उपडे ठेवीन. मग हमामाच्या छतावर चढेन, तिथंच रेंज येते ना, आणि तुम्हाला फोन लावून मोठ्यांदा म्हणेन, जायत खाली.